गाडी भंगारात जाईल, झाडाचं काय?

तुमच्या गावात रस्त्याकडेच्या झाडाची फांदी कशी कापतात, हे कधी दोन मिनिटं थांबून बघितलंय? नसेल तर या उन्हाळ्यात बघाच. ट्रॅक्टर-ट्रॉली येते. ट्रॉलीत लोखंडी शिडी, दोन दोर, कोयता आणि कुऱ्हाड. शिडी बुंध्याला टेकवली जाते, खाली एक जण ती धरतो, दुसरा वर चढतो. पायात स्लीपर, डोक्यावर रुमाल, कमरेला काहीच नाही. हाताशी येईल ती फांदी तो तोडतो. जी कापायला हवी होती, ती वाळलेली फांदी शिडीच्या टोकापासून आणखी दहा फूट वर असते. ती तशीच राहते. पुढच्या वादळात तीच पडते.

काही नगर परिषदांकडे यापेक्षा बरी सोय असते. दिवाबत्तीच्या कामाला घेतलेली शिडीची गाडी किंवा हायड्रॉलिक पाळण्याची गाडी झाडांनाही वापरतात. मात्र या गाड्या एकदा घेतल्या की त्यांचं वय कोणी मोजत नाही. कलर उडतो, दार दोरीने बांधलं जातं, पाळणा अर्ध्यावर अडकतो आणि तरी गाडी चालू असते.

आता त्यांचं वय मोजलं जाणार आहे. कारण नियम बदललाय.

पंधरा वर्षं म्हणजे पंधरा वर्षं

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सरकारी मालकीच्या वाहनाची नोंदणी पंधरा वर्षं झाली की संपते, पुढे नूतनीकरण नाही. यात केंद्र आणि राज्याच्या गाड्या आल्या, एसटी आली, महापालिका, नगर परिषदा आणि ग्रामपंचायतीही आल्या. सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांना. झाडं छाटणाऱ्या गाडीला सूट नाही.

थोडक्यात, २०१० च्या आसपास घेतलेली पालिकेची गाडी आता यार्डात जाते आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे. धुराच्या बाबतीत तर या गाड्या दोन-तीन पिढ्या मागच्या. देशभर बीएस-६ इंजिन १ एप्रिल २०२० पासून सक्तीचं झालं. त्याच्या दहा वर्षं आधीच्या गाडीचा धूर कसा असेल, हे वेगळं सांगायला नको. त्यात ही गाडी उभी राहून काम करते. पाळणा वर न्यायचा तर हायड्रॉलिक पंपाला ताकद इंजिनकडूनच मिळते, त्यामुळे फांदी कापेपर्यंत इंजिन घरघरत राहतं. हे सगळं शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा तुमच्या लेक्चर हॉलच्या खिडकीखाली चालतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मेकॅनिक लोकच घेतात. झाडांची गाडी गावाबाहेर जात नाही. पंधरा वर्षांत ती जेवढी पळते, तेवढी एखादी ट्रॅव्हल्स काही महिन्यांत पळते. इंजिन दणकट असताना ती भंगारात का काढायची? नियमाने किलोमीटर बघायला हवेत, वर्षं नव्हेत. मालवाहू ट्रकबद्दल हे म्हणणं मला पटलं असतं. पाळण्याच्या गाडीबद्दल नाही. तिथे माणसाचा जीव इंजिनवर नाही, हायड्रॉलिकच्या पाइपवर, सीलवर आणि सांध्यांतल्या पिनांवर टांगलेला असतो. रबरी पाइप आणि सील गाडी उभी असली तरी कडक होतात, चिरतात. पिना पावसात गंजतात. उन्हात उभी राहणारी गाडी पळाली नाही म्हणून तरुण राहत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. जुनी गाडी जाऊ द्या. पण ती गेल्यावर तिच्या जागी काय येतं, याकडे आपण डोळे लावून बसायला हवं. खरी भीती तिथे आहे.

मधल्या काळात जेसीबी

मोठ्या शहराचं काय होतं बघा. मुंबईत २०१८ च्या गणनेनुसार सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं आहेत. तिथे स्वतंत्र उद्यान विभाग आहे, पावसाळ्यापूर्वी छाटणीची कंत्राटं निघतात, एक गाडी बाद झाली तर दुसरी असते. आपल्या संभाजीनगरची महापालिका १९८२ ची. तिच्याकडेही विभाग आहे, अग्निशमन दल आहे.

आता पैठण घ्या. किंवा गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, खुलताबाद. इथे नगर परिषदा आहेत. फुलंब्री आणि सोयगावला नगर पंचायती. अशा गावात गाडी मुळात एकच असते. ती गेली की सोय शून्य. नवीन पाळण्याची गाडी लाखांच्या घरात जाते. पाणीपुरवठा, घंटागाड्या, रस्ते, पगार यांच्या रांगेत झाडांची गाडी शेवटून पहिली. ठराव होतो, निविदा पुढे ढकलली जाते, दोन उन्हाळे असेच जातात.

या दोन उन्हाळ्यांत काम थांबत नाही, फक्त हत्यार बदलतं. जेसीबी येतो. कामगार त्याच्या बकेटमध्ये उभा राहून करवत चालवतो. जेसीबी माती उचलायला बनवलाय, माणूस उचलायला नाही. त्यात ना कठडा, ना पट्टा अडकवायला जागा. आणि जेसीबी एकदा झाडापाशी आला की फांदीवर थांबत नाही. 'रोज रोज कोण छाटणार, एकदाच काढून टाका' हे वाक्य कुठे ना कुठे तुम्ही ऐकलं असेलच.

तिसरा मार्ग तारांचा. मे महिन्यात महावितरणची मान्सूनपूर्व देखभाल सुरू होते, लाइट जाते, तारांना लागणाऱ्या फांद्या कापल्या जातात. ते त्यांचं कामच आहे. पण त्यांना तार मोकळी करायची असते. झाडाचा तोल बघणं त्यांच्या कामात येत नाही. मग एका बाजूने बोडकं आणि दुसऱ्या बाजूने जड असं झाड उभं राहतं. गावातल्या रस्त्यावरचं झाड पालिकेचं, तार महावितरणची, हमरस्ता आणखी कोणाचा. वादळात झाड पडलं की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

पारसला काय झालं

हे सगळं झाडप्रेमींचं हळवेपण वाटत असेल, तर ९ एप्रिल २०२३ ची रात्र आठवा. अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात एका मंदिराच्या आवारात लोक जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून ते टिनाच्या शेडखाली गेले. शेजारचं मोठं, जुनं कडुलिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं. सात जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले.

पैठणकरांनी ही बातमी वेगळ्या नजरेने वाचायला हवी. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला आपल्याकडे लाखो वारकरी येतात. दिंड्या कुठे विसावतात? झाडाखाली. स्वयंपाक कुठे होतो? झाडाखाली. नाथांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेली म्हातारी माणसं दुपारी कुठे टेकतात? झाडाखालीच. मार्चचं ऊन मराठवाड्यात काय असतं, ते आपल्याला माहीत आहे. आणि षष्ठी होऊन पंधरा-वीस दिवस होत नाहीत तोच अवकाळीची वावटळ सुरू होते.

पारससारख्या घटनेनंतर दोन प्रतिक्रिया येतात. एक, 'झाडं धोकादायक, काढून टाका.' दुसरी, 'एका फांदीलाही हात लावू नका.' दोन्ही चूक. चाळीस अंशाच्या वर जाणाऱ्या गावात सावली काढून टाकणं म्हणजे पायांवर धोंडा पाडून घेणं. आणि हात न लावणं म्हणजे वाळलेली, पोखरलेली फांदी कोणाच्या तरी डोक्यावर पडायची वाट बघणं. मधला मार्ग एकच: दर काही वर्षांनी प्रत्येक झाड वर जाऊन बघणं आणि जेवढं कापायला हवं तेवढंच कापणं. वर जायचं तर धड गाडी हवी. म्हणून हा सगळा गाडीचा विषय.

कापायचं कसं, हेही शिकावं लागतं

नुसती नवीन गाडी आणली तर काय होईल? आधी शिडीवरून जेवढी तोडफोड व्हायची, तेवढी आता पाळण्यातून दुप्पट वेगाने होईल. करवत धरणाऱ्याला झाड कळायला हवं.

ॲलेक्स शिगो नावाचा अमेरिकी शास्त्रज्ञ होता, तिथल्या वनसेवेत. त्याने हजारो झाडं करवतीने उभी चिरून आतून तपासली. त्याला दिसलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि पुढे वाढतं. फांदी जिथे खोडातून निघते, तिथे एक फुगीर कडं असतं. भिंत घालायची यंत्रणा त्याच भागात असते. ते कडं राखून, त्याच्या बाहेर कापलं तर झाड सावरतं. खोडाला घासून कापलं तर कूज थेट खोडात शिरते. लांब ठोंब ठेवला तर तो वाळतो आणि कूज तिथूनही आत येते.

जड फांदी तीन कापांत काढायची असते. पहिला काप खालून, अर्धवट. दुसरा थोडा पुढे, वरून. फांदी पडते, पण साल ओरबाडली जात नाही. तिसऱ्या कापाने उरलेला ठोंब कड्याबाहेरून काढायचा. हे एका दिवसात शिकवता येतं. आणि शेंडा छाटून झाड बोडकं करणं तर सगळ्यांत वाईट. त्यानंतर जे फुटवे भराभर फुटतात ते वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांनी तेच जाड होऊन वाऱ्यात निखळतात. सुरक्षिततेसाठी केलेली छाटणी पुढचा अपघात तयार करून ठेवते.

झाडागणिक हिशेबही बदलतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मेमध्ये तो फुलला की आपण स्टेटसला टाकतो. पण त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. त्याच्यावर जास्त लक्ष हवं. वडाचं, कडुलिंबाचं लाकूड वेगळं. आपल्याकडे मात्र सगळ्यांना एकच न्याय. बुंध्याला गेरू-चुना फासला की झाडाची काळजी घेतली, असं समजायचं. वरून मुळांवर पेव्हर ब्लॉक. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या गल्लीत बघा, बुंध्याला चिकटून ब्लॉक बसवलेले दिसतील.

एक गाडी चार गावांत

मग छोट्या गावांनी करायचं काय? माझ्या मते प्रत्येक नगर परिषदेने वेगळी गाडी घ्यायचा हट्ट सोडावा. जिल्ह्यात वर सांगितलेल्या सहा नगर परिषदा आणि दोन नगर पंचायती आहेत. त्यांच्यासाठी दोन गाड्या पुरतात. एक पैठण, गंगापूर, वैजापूर आणि खुलताबादला. दुसरी फुलंब्री, सिल्लोड, कन्नड आणि सोयगावला. डिसेंबर ते मे हे सहा महिने छाटणीचे धरले, तर साधारण १८० दिवस होतात. चार गावांत वाटले तर प्रत्येकी ४५ दिवस. बहुतेक पालिकांच्या गाड्या आज वर्षभरात झाडांसाठी एवढे दिवस बाहेर निघत असतील का, तुम्हीच विचार करा. जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपालिकांचं काम बघणारी शाखा आहेच, वेळापत्रक तिने ठरवावं. गाडीसोबत फिरणारी चार-पाच जणांची प्रशिक्षित टीम असावी. त्यांना हेल्मेट, पट्टा, विमा असावा. गाडी नवी आणि माणूस त्याच जुन्या स्लीपरवर, असं होता कामा नये.

'सगळ्यांना गाडी मेमध्येच हवी असेल' असं कोणी म्हणेल. तसं होईलच, कारण आपण छाटणीला पावसाळ्याआधीची पळापळ समजतो. न्यूयॉर्कमध्ये रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी सात वर्षांच्या चक्राने करायची पद्धत आहे. यंदा हे ब्लॉक, पुढच्या वर्षी ते. म्हणजे कोणत्याही वर्षी सगळ्याच झाडांमागे धावावं लागत नाही. पैठणसारख्या गावात तर वॉर्डाप्रमाणे हे आणखी सोपं आहे.

पैशांचं म्हणाल, तर तेही अगदीच नाहीत असं नाही. जुनी सरकारी वाहनं भंगारात काढणाऱ्या राज्यांना केंद्राने भांडवली खर्चाच्या विशेष साहाय्य योजनेतून प्रोत्साहन देऊ केलं. आणि एक पैसा तर तुमच्या घरातूनच जातो. घरपट्टीचं बिल काढून बघा. त्यात 'वृक्ष कर' अशी एक ओळ सापडेल. राज्याचा नागरी वृक्ष संरक्षण कायदा १९७५ चा आहे, आणि या कराची सोय त्याच कायद्यात आहे. रक्कम छोटी असते, पण गावभरातून जमा होते. ती कुठे जाते, हे विचारायचा हक्क बिल भरणाऱ्याला आहे.

हाच कायदा आणखी काही सांगतो. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं आणि त्याला जास्त संरक्षण मिळतं. आपल्या गावात याला विशेष अर्थ आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. त्या काळात लावलेलं आणि आज उभं असलेलं कुठलंही झाड आता पन्नाशीच्या आसपास आहे. सातवाहनांच्या राजधानीचा वारसा आपण भाषणात सांगतो. हा वारसा रस्त्यात उभा आहे आणि दिवसभर सावली देतो.

तुम्ही काय करू शकता

हे वाचून 'प्रशासनाने लक्ष द्यावं' म्हणत पान उलटू नका. तीन कामं सांगते, तिन्ही तुमच्या आवाक्यातली.

पहिलं, पालिकेची जी गाडी झाडांना वापरतात तिचा नंबर टिपा आणि एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणी कधीची, फिटनेस कधीपर्यंत, ते दिसेल. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनाला दर वर्षी फिटनेस तपासणी लागते, हेही लक्षात ठेवा.

दुसरं, माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस. चारच प्रश्न विचारा: झाडांसाठी वापरायच्या गाडीची नोंदणी कधी संपते, नवीन गाडीचा ठराव झाला का, मागची वृक्षगणना कधी झाली, गेल्या वर्षी वृक्ष कर किती जमला आणि कशावर खर्च झाला. अर्ज चार मित्रांनी मिळून लिहा. परीक्षेतल्या दहा मार्कांच्या उत्तरापेक्षा सोपा आहे.

तिसरं एनएसएसवाल्यांसाठी. दर पावसाळ्यात आपण खड्डे खणतो, रोपं लावतो, फोटो काढतो. यंदा एका दिवसाचं श्रमदान वेगळं करा. एक वॉर्ड घ्या आणि त्यातली मोठी झाडं मोजा. जात कोणती, घेर किती, वाळकी फांदी आहे का, खोडात पोकळी आहे का, तारा लागतात का, बुंध्याशी ब्लॉक आहेत का. वही आणि मोजपट्टी पुरे. ती यादी मुख्याधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. उद्या नवीन गाडी आली की 'आधी कुठे न्यायची?' या प्रश्नाचं उत्तर तयार असेल. आणि गाडी आलीच नाही, तर ती का हवी याचा पुरावा तुमच्या हातात असेल.

नवीन रोप लावायला खड्डा पुरतो. पन्नास वर्षांचं झाड टिकवायला गाडी, शिकलेला माणूस आणि वेळापत्रक लागतं. जुनी गाडी नियमानेच बाद होणार आहे. तिच्या जागी काय येणार, पाळणा की जेसीबी, हे अजून ठरायचंय. ते पालिकेच्या सभेत ठरेल. त्या सभेआधी तुमचा अर्ज टेबलावर पोचू द्या.